तीन आवाज आणि दोनच हात : यामाहा मॉडएक्स ६ आठ महिने वापरल्यानंतर

एका पट्टीतून दोन-तीन आवाज एकाच वेळी काढणे, म्हणजे वादक ज्याला सर्रास ‘लेयर करणे’ म्हणतात ते, आता इतके सोपे झाले आहे की सिंथेसायझरच्या परीक्षणांत त्याची दखल एका ओळीत उरकली जाते. सोळा पार्ट (एकेक आवाज ठेवायच्या जागा) आहेत, त्यांपैकी आठ एकत्र वाजवता येतात, एवढे लिहिले की परीक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. यामाहाचा मॉडएक्स ६ हा सिंथेसायझर गेले आठ महिने जवळजवळ रोज वापरताना मी मात्र नेमका त्याच एका ओळीत अडकून राहिलो. थर रचायला दोन मिनिटे पुरतात. रचलेले थर वाजवताना ताब्यात ठेवायचे म्हटले, की वाद्याच्या सगळ्या मांडणीची कसोटी लागते. त्यामुळे या वाद्यात कोणकोणते आवाज आहेत याची यादी येथे मिळणार नाही. आवाज एकावर एक चढवल्यावर काय होते, आणि स्क्रीन, नॉब, स्लायडर व पेडल त्या वेळी कितपत उपयोगी पडतात, एवढेच मी तपासले आहे.

आधी थोडी तोंडओळख. मॉडएक्सची मालिका २०१८ मध्ये आली. ६१, ७६ आणि ८८ पट्ट्या अशा तीन आकारांत ती काढली गेली. माझ्याकडचे ६१ पट्ट्यांचे वाद्य ६.६ किलो वजनाचे आहे, त्यामुळे ते एका हाताने उचलता येते. ८८ पट्ट्यांच्या वाद्यात पियानोसारख्या जड पट्ट्या असल्याने त्याचे वजन याच्या दुपटीच्याही पुढे जाते. आत दोन वेगळ्या ध्वनियंत्रणा आहेत. पहिली, एडब्ल्यूएम २, ध्वनिमुद्रित नमुन्यांवर चालते. दुसरी, एफएम-एक्स, एका लहरीने दुसरीला हलवून नवा स्वरगुण तयार करण्याच्या तत्त्वावर चालते. पहिलीत एका वेळी १२८ आणि दुसरीत ६४ आवाज, म्हणजे एकाच क्षणी निघणारे सुटे ध्वनी, वाजू शकतात, आणि या दोन्ही संख्या एकमेकींपासून स्वतंत्र मोजल्या जातात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण थरांचा सगळा हिशेब पुढे तिच्यावरच येऊन ठेपतो.

हा हिशेब पूर्वी किती कडक होता, हे जुन्या वाद्यांकडे पाहिले की कळते. १९८३ मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स ७ मध्ये एका वेळी एकच आवाज निवडता येत असे, जास्तीत जास्त सोळा स्वर एकत्र वाजत आणि स्क्रीनवर सोळा अक्षरांच्या दोन ओळी, म्हणजे एकूण बत्तीस अक्षरे मावत. १९८७ मधल्या रोलँड डी ५० मध्ये ‘अपर’ आणि ‘लोअर’ असे दोन आवाज एकत्र वाजवण्याची सोय आली, पण तसे केले की सोळा स्वरांचे आठ होत. पुढच्याच वर्षी आलेल्या कॉर्ग एम १ ने ‘कॉम्बिनेशन’ या नावाखाली आठ आवाज एकत्र बांधायची मुभा दिली. मात्र एकाच क्षणी निघणारे सुटे ध्वनी एकूण सोळाच असल्यामुळे आठही थर एकाच पट्टीवर चढवले तर जेमतेम दोन स्वर हाती राहत. म्हणजे आठ थरांच्या भव्यतेत साधा तीन स्वरांचा कॉर्डही धरता येत नसे. या मर्यादेचा एक फायदा होता. प्रत्येक थर स्वरांच्या मोबदल्यात मिळत असल्याने तो हवाच आहे का, असा प्रश्न वादकाला आपोआप पडत असे. मॉडएक्सवर तो प्रश्न कोणी विचारत नाही. स्क्रीनवर रिकाम्या पार्टच्या जागी अधिकचे चिन्ह दिसते, त्याला बोट लावले की आवाजांची वर्गवार यादी उघडते, त्यातला एक निवडला की थर चढला. माझे पहिले पंधरा दिवस या अधिकच्या चिन्हानेच खाल्ले.

त्या पंधरा दिवसांत मी बांधलेला एकही परफॉर्मन्स (मॉडएक्सच्या परिभाषेत पार्टांच्या एकत्रित बांधणीला हे नाव आहे) आज माझ्याकडे नाही. हेडफोन लावून एकटे वाजवताना ते सगळे भारदस्त वाटत होते. बास आणि ड्रमच्या सोबत वाजवायला घेतले तेव्हा त्यांचा नुसता गाळ झाला. कारण साधे आहे. कारखान्यातून आलेला प्रत्येक आवाज एकट्याने ऐकला जावा आणि पहिल्या स्वरातच मन जिंकावे अशा हिशेबाने सजवलेला असतो: खाली भरपूर खर्ज, वर चकाकी आणि भोवती रिव्हर्ब (घुमारा). असे तीन सजलेले आवाज एकत्र आणले की प्रत्येक जण मधोमध उभा राहायला बघतो. शिवाय एकसारख्या जोराचे दोन वेगवेगळे आवाज मिसळले तर पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते, आणि दोन्ही लहरी हुबेहूब जुळल्या तर ६ डेसिबलने. म्हणजे थर चढवताक्षणी ‘वा, काय भरीव झाले’ असे जे वाटते, त्यातला बराचसा भाग निव्वळ आवाज वाढल्याचा असतो. मी आता प्रत्येक नवा थर चढवल्यावर एकूण पातळी आधीइतकीच खाली आणतो आणि मगच तो ठेवायचा की काढायचा ते ठरवतो. दहापैकी सहा-सात वेळा तो काढलाच जातो.

जो परफॉर्मन्स मी सर्वाधिक वाजवतो, त्याचेच उदाहरण घेतो. त्यात पियानो, तंतुवाद्यांचा समूह आणि एफएम-एक्समधली घंटेसारखी किणकिण असे तीन थर आहेत. पियानो पहिल्या पार्टमध्ये जवळजवळ आहे तसाच ठेवला आहे, कारण स्वराची सुरुवात, म्हणजे हातोडीचा तो पहिला ठोका, कानाला त्याच्याकडूनच मिळतो. तंतुवाद्यांचा पार्ट एक सप्तक वर सरकवून त्याच्या नोट लिमिटची (पार्ट कोणत्या पट्ट्यांवर वाजावा याची) खालची हद्द मधल्या ‘सा’च्या आसपास आणली आहे, त्यामुळे डावा हात वाजवतो तो भाग स्वच्छ पियानोचाच राहतो. ही हद्द ठरवण्याची सोय मला मनापासून आवडली. स्क्रीनवर त्या चौकटीला बोट लावले की कीबोर्डचे छोटे बटण दिसते, ते दाबून हवी ती पट्टी वाजवली की हद्द नोंदली जाते. आकडे आणि इंग्रजी अक्षरांतल्या स्वरनावांचे गणित करत बसावे लागत नाही.

खरी अडचण आली ती तंतुवाद्ये केव्हा ऐकू यावीत हे ठरवताना. पट्टी जोरात दाबली तरच दुसरा थर यावा असे वाटत असेल, तर सगळ्यांत सरळ उपाय व्हेलॉसिटी लिमिट हा आहे. पट्टी दाबण्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो; तंतुवाद्यांच्या पार्टला ९० ते १२७ अशी हद्द दिली की हळू वाजवताना तो गप्प राहतो. कागदावर हे उत्तम वाटते, पण वाजवताना ८९ आणि ९० यांच्यामधली भिंत कानाला टोचते. एका कॉर्डमधल्या दोन स्वरांना तंतुवाद्यांची साथ मिळते, तिसऱ्याला मिळत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटते की वाद्यात काही बिघाड आहे. हळूहळू मिसळत जाण्याची, म्हणजे क्रॉसफेडची, सोय या वाद्यात आहे. पण ती पार्टच्या पातळीवर नसून त्याच्या आतल्या ‘एलिमेंट’च्या, म्हणजे एकेका नमुन्याच्या, पातळीवर आहे. एका पार्टमध्ये असे आठ एलिमेंट असू शकतात. म्हणजे दोन नमुने एकाच पार्टमध्ये एलिमेंट म्हणून आणले तर त्यांच्या हद्दी एकमेकींत विरघळवता येतात, पण दोन वेगवेगळ्या पार्टांत ठेवले तर तसे करता येत नाही. मी शेवटी हद्द काढूनच टाकली आणि तंतुवाद्यांच्या पार्टची जोराला प्रतिसाद देण्याची तीव्रता वाढवली. आता तो पार्ट सतत वाजत असतो, पण हळू वाजवताना जेमतेम कुजबुजतो आणि जोर वाढेल तसा वर येतो. भिंतीच्या जागी उतार आला. दोन थर जोरावर बेतायचे असतील तर आधी हा उतार करून पाहावा आणि हद्दीचा विचार अगदी शेवटी करावा.

दुसरी खटपट पेडलची होती. पियानो वाजवणारा माणूस सस्टेन पेडल (पट्टी सोडल्यावरही स्वर धरून ठेवणारे) सवयीने दाबतो आणि पियानोचा स्वर आपोआप विरत जातो म्हणून ते खपते. तंतुवाद्यांचा आवाज मात्र विरत नाही. पेडल दाबलेले असेपर्यंत तो पहिल्या क्षणाइतकाच भरून राहतो, मग पुढचा कॉर्ड त्याच्यावर येऊन बसतो आणि दोन्हींची खिचडी होते. यावर मॉडएक्सवर चोख उपाय आहे. प्रत्येक पार्टने कोणते संदेश ऐकावेत आणि कोणते ऐकू नयेत याची स्वतंत्र यादी असते आणि तीत सस्टेनही आहे. तंतुवाद्यांच्या पार्टसाठी तो बंद केला, रिलीज (पट्टी सोडल्यावर स्वर विरायला लागणारा वेळ) थोडा लांबवला आणि गाळ निवळला. पियानो पेडलवर चालतो, तंतुवाद्ये बोटांवर चालतात. ही यादी नियंत्रणांच्या पानांत दोन पायऱ्या खाली दडलेली आहे. तिथवर एकदाच जावे लागते, म्हणून तक्रार करत नाही, पण तिच्याविना पेडल वापरून थर वाजवणे जवळजवळ अशक्य आहे असे माझे मत आहे.

तिसरा थर घंटेचा. तो मी मुद्दाम एफएम-एक्समधून घेतला, आणि त्यामागे चवीइतकाच हिशेबही आहे. नमुन्यांच्या यंत्रणेतला एक एलिमेंट वाजला की १२८ मधला एक आवाज खर्ची पडतो. नमुना स्टीरिओ असला तरी तो एकच धरला जातो, ही उदार बाब आहे. तरीही तंतुवाद्यांच्या समूहात तीन-चार एलिमेंट आणि पियानोत दोन असे धरले, तर एकेका पट्टीमागे पाच-सहा आवाज जातात. तंतुवाद्यांनाही पेडल लागू ठेवून दोन-तीन मोठे कॉर्ड एकमेकांवर सोडले की शंभरी गाठली जाते आणि १२८ ओलांडताच वाद्य जुने स्वर गुपचूप तोडू लागते. घंटा एफएम-एक्समधली असल्यामुळे ती या गर्दीत धरली जात नाही. तिच्यासाठी ६४ आवाजांचे वेगळे घर आहे. (२०२२ मध्ये आलेल्या मॉडएक्स प्लसमध्ये ही संख्याही १२८ केली आहे.) शिवाय धातूच्या नादाला ही यंत्रणा फार जवळची आहे. डीएक्स ७ मध्ये सहा ऑपरेटर (एकमेकांना हलवणाऱ्या लहरींचे स्रोत) आणि त्यांच्या जोडणीचे ३२ प्रकार होते, येथे आठ ऑपरेटर आणि ८८ प्रकार आहेत. मी त्यांतले पाच-सहासुद्धा नीट समजून घेतलेले नाहीत, पण एका ऑपरेटरची पातळी थोडी कमी-जास्त केली की लाकडाची घंटा पितळेची होते, एवढे कळल्यावर माझे काम भागले. ही घंटा इतकी हळू ठेवली आहे की एकट्याने वाजताना ती कोणाच्या लक्षात येत नाही. काढून टाकली तर मात्र पियानो निस्तेज वाटतो.

पेटी वाजवणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. खर्जाचा आणि नराचा सूर एकत्र उघडणे किंवा कपलर लावून एका पट्टीवर दुसरे सप्तक बोलते करणे, हा थरच आहे. फरक इतकाच की पेटीत भाता एक आणि हवा तीच असल्याने दोन्ही सूर एकाच दमात फुगतात आणि विरतात. सिंथेसायझरवर प्रत्येक थराचा भाता वेगळा असतो आणि ते सगळे एकत्र श्वास घेत आहेत असे भासवणे ही वादकाची जबाबदारी ठरते.

आता स्क्रीनकडे येतो. सात इंचांची रंगीत टचस्क्रीन हे या वाद्याचे सगळ्यांत नजरेत भरणारे अंग आहे. कीबोर्डवर टचस्क्रीन ही काही नवलाईची गोष्ट नाही; कॉर्गच्या ट्रिनिटीने ती १९९५ मध्येच आणली होती. मॉडएक्सची स्क्रीन स्पष्ट आहे, अक्षरे नेटकी आहेत आणि मुख्य पानावर पार्ट शेजारी-शेजारी उभे दिसतात. प्रत्येकाचे नाव, पातळी, पट्ट्यांवरचा त्याचा विस्तार आणि तो हाताने वाजतो आहे की नाही हे एका नजरेत कळते. दुसऱ्या एका आढाव्याच्या पानावर नियंत्रणांची जोडणी रेषांनी दाखवलेली असते: कोणता नॉब, चाक वा पेडल कोणत्या पार्टमधल्या कोणत्या गोष्टीला हलवते ते तिथे दिसते. दुसऱ्याने बांधलेला आवाज उलगडून बघायचा असेल तर हे पान म्हणजे गुरुकिल्ली आहे. कारखान्यातले कित्येक आवाज मी वाजवण्याऐवजी तेथे नुसते वाचले आणि त्यातून जास्त शिकलो.

स्क्रीनला बोट लावून निवड करावी आणि आकडा शेजारच्या मोठ्या चकतीने फिरवावा, ही पद्धत दोन दिवसांत अंगवळणी पडते. नुसत्या बोटाने स्क्रीनवरचा आकडा ओढायला गेले तर मात्र ६४ च्या जागी ७१ येतो. बारीक कामासाठी चकतीच वापरावी. पानांची खोली हा वेगळा विषय आहे. परफॉर्मन्स, त्याच्या आत पार्ट, त्याच्या आत एलिमेंट, आणि तिन्ही पातळ्यांवर जवळजवळ तशाच नावांच्या चौकटी: पातळी येथेही, पातळी तेथेही. आपण कोणत्या मजल्यावर उभे आहोत हे स्क्रीनच्या कडेच्या खुणांवरून कळते, पण घाईत त्या खुणा पाहायच्या राहून जातात. एकदा तंतुवाद्ये हळू करायला गेलो आणि त्यांच्यातला फक्त व्हायोलिनचा एक एलिमेंट हळू करून परतलो. पुढचा अर्धा तास हा समूह इतका घोगरा का झाला ते शोधत होतो. दुसऱ्या वेळी तर सगळे बदल जतन न करताच दुसरा परफॉर्मन्स उघडला आणि संध्याकाळचे काम पुन्हा करत बसलो. दोन्ही चुका माझ्याच. तेव्हापासून मी दर दहा मिनिटांनी ‘स्टोअर’ दाबतो आणि नावापुढे क्रमांक वाढवत जातो.

मात्र स्क्रीनबद्दलचा माझा मूळ मुद्दा तिच्या गुणदोषांचा नसून जागेचा आहे. मॉडएक्सच्या पाटीवर डावीकडे पिच आणि मॉड्युलेशनची चाके, चार स्लायडर, चार नॉब आणि सुपर नॉब नावाचा मोठा प्रकाशमान नॉब आहे; मधोमध स्क्रीन आहे; उजवीकडे चकती आणि निवडीची बटणे आहेत. ही मांडणी बारकाईने पाहिली की तिच्यातला विचार दिसतो. उजवा हात धून वाजवत असताना डावा हात मोकळा होतो, आणि तो ज्या गोष्टींपर्यंत पोहोचतो त्या सगळ्या वाजवता वाजवता हलवायच्या आहेत. चकतीकडे जायचे तर उजवा हात पट्ट्यांवरून उचलावा लागतो, म्हणजे ते काम थांबल्यावरचे आहे. स्क्रीन बांधणीसाठी आणि डावी बाजू वादनासाठी, अशी ही वाटणी आहे; हे वाद्य जिथे ती पाळते तिथे उत्तम चालते आणि जिथे मोडते तिथे थकवते.

सुपर नॉब ही वाटणी सर्वांत चांगली पाळतो. एका नॉबला एकाच वेळी अनेक गोष्टी बांधता येतात आणि प्रत्येकीची डावीकडची व उजवीकडची टोके वेगळी ठरवता येतात. माझ्या तीन थरांच्या परफॉर्मन्समध्ये तो पूर्ण डावीकडे असताना फक्त पियानो ऐकू येतो. मध्यापर्यंत येईतो तंतुवाद्ये उगवतात, त्यांचा फिल्टर (चकाकी झाकून ठेवणारी चाळणी) सावकाश उघडतो आणि त्याच वेळी पियानोचा रिव्हर्ब थोडा मागे सरतो, जेणेकरून भोवतालची जागा दोघांनी मिळून व्यापू नये. शेवटच्या चतुर्थांशात घंटा येते. ही शेवटची गोष्ट साधायला बदलाची वक्ररेषा निवडावी लागते: सरळ रेषा ठेवली तर घंटा सुरुवातीपासूनच डोकावू लागते, उंबरठ्याची रेषा निवडली तर ती ठरावीक बिंदूपर्यंत शांत राहते. एवढी बांधणी करायला मला पहिल्यांदा दोन तास लागले, आता वीस मिनिटे लागतात. आणि एकदा ती झाली की सुपर नॉब फूट कंट्रोलर पेडलला जोडता येतो. दोन्ही हात पट्ट्यांवर, पायाखाली तीन थरांची चढ-उतार, आणि स्क्रीनकडे एकदाही बघावे लागत नाही. या वाद्यावर खर्च करायचे मला पटलेले एकमेव मोठे कारण हेच आहे. (नॉबमधला दिवा सारखा लुकलुकतो, ते बंद करण्याची सोय आहे आणि मी ती पहिल्याच आठवड्यात वापरली.)

स्लायडरांच्या बाबतीत मी इतका समाधानी नाही. ते चारच आहेत. पार्ट चारांहून जास्त असले तर तेच स्लायडर पुढच्या चारांसाठी वापरायला बटण दाबावे लागते, आणि दुसरा परफॉर्मन्स उघडल्यावर स्लायडर प्रत्यक्षात जिथे उभे असतात आणि साठवलेली पातळी जिथे असते, त्यांचा मेळ बसत नाही. स्लायडर हलवताच आवाजाने तिथे उडी घ्यावी की स्लायडर साठवलेल्या आकड्याशी पोहोचेपर्यंत थांबावे, हे सेटिंगमध्ये ठरवता येते. मी दुसरा पर्याय घेतला, कारण पहिल्यात पियानो एकाएकी गर्जू शकतो. पण त्यामुळे स्लायडर हलवूनही काही होत नाही असे एक-दोन क्षण येतात आणि तेवढ्यात डोळे स्क्रीनकडे धावतात. म्हणून माझे परफॉर्मन्स चार पार्टांच्या पलीकडे जात नाहीत. मर्यादा म्हणून स्वीकारलेली ही गोष्ट आता मला शिस्त वाटते, हे कबूल करतो.

सीन नावाची सोय या कमतरतेची बरीचशी भरपाई करते. एका परफॉर्मन्समध्ये असे आठ सीन साठवता येतात आणि प्रत्येकात कोणता पार्ट चालू, कोणता बंद, कोणाची पातळी किती, सुपर नॉब कुठे हे लक्षात ठेवले जाते. मुखड्याला नुसता पियानो, अंतऱ्याला तंतुवाद्ये, मधल्या संगीताला घंटेसकट सगळे, असा बेत असेल तर एकेक बटण दाबून तो पार पडतो. वाजवता वाजवता थर हळूहळू बदलायचे असतील तर सुपर नॉब आणि एका फटक्यात बदलायचे असतील तर सीन, असा माझ्यापुरता नियम झाला आहे. वेगवेगळ्या परफॉर्मन्समध्ये जायचे असेल तर लाइव्ह सेटची पाने आहेत. एका पानावर सोळा मोठ्या चौकटी असतात आणि बोट लावले की तो परफॉर्मन्स उघडतो. स्क्रीनचा वादनातला हा एकच उपयोग मला निर्धोक वाटतो, कारण चौकटी मोठ्या आहेत आणि अंदाजाने मारलेले बोटही चुकत नाही.

काही गोष्टी थोडक्यात. पट्ट्यांना आफ्टरटच नाही, म्हणजे दाबून धरलेल्या पट्टीवर आणखी भार देऊन थर फुगवता येत नाही. ज्यांना तशी सवय आहे त्यांची गैरसोय होईल, मी मॉड्युलेशनचे चाक वापरतो. ६१ पट्ट्या दोन हातांच्या पियानोला अपुऱ्या पडतात, पण थरांच्या कामाला पुरतात. यूएसबीने संगणकाला जोडल्यावर ध्वनी थेट संगणकात जातो आणि थर वेगवेगळ्या वाहिन्यांवर पाठवून स्वतंत्र मुद्रित करता येतात. मिसळण्याची खरी अक्कल मला तिथेच आली: आपल्याच तीन थरांचे तीन वेगळे ट्रॅक ऐकले आणि तंतुवाद्यांचा खालचा भाग किती निरुपयोगी होता ते दिसले. मग परत वाद्यावर येऊन त्या पार्टच्या इक्यूमध्ये (आवाजातला खर्ज-चकाकीचा तोल ठरवण्याच्या सोयीत) तो छाटला. ६१ पट्ट्यांच्या वाद्याचा सांगाडा प्लास्टिकचा आहे आणि ते हाताला जाणवते. वजनाच्या बदल्यात मला ते मान्य आहे.

हे वाद्य कोणी घ्यावे? एक पियानो, एक ऑर्गन आणि एक तंतुवाद्य आळीपाळीने वाजवणे एवढीच गरज असेल तर याची निम्मी यंत्रणा न उघडताच राहील आणि मधल्या पानांचा जाच मात्र सोसावा लागेल. त्यांनी प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र बटण असलेला साधा स्टेज कीबोर्ड पाहावा. ज्यांना स्वतः आवाज बांधायचे आहेत, त्यासाठी दोन-तीन महिने पानांच्या जंगलात फिरायची तयारी आहे, आणि जे पायाखालचे पेडल वाद्याच्या किमतीचाच भाग धरायला तयार आहेत, त्यांना मी मॉडएक्स निःशंकपणे सुचवेन. फूट कंट्रोलरशिवाय मात्र मी तो सुचवणार नाही. तो नसेल तर सुपर नॉबसाठी डावा हात अडकतो आणि थरांची निम्मी मजा तिथेच संपते.

सध्या माझ्या लाइव्ह सेटच्या पहिल्या पानावरच्या सोळा चौकटींपैकी अकरा भरल्या आहेत. त्यांतल्या दोन चौकटी तीन थरांच्या आहेत, एक एकट्या पियानोची आहे आणि उरलेल्या आठ दोन थरांच्याच आहेत.